दुमड सोडून मिळेल

गार्गीने फक्त एवढंच विचारलं होतं, की वर्षभर तरी तिला दुपारी तीनला घरी जाता येईल का. मधुकरकाका तेव्हा कुठल्याशा शाळेच्या स्वेटरचे नमुने उजेडात धरून बघत होते. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा डोळ्यांवर घेतला आणि म्हणाले, "सिस्टीम आली की बघू."

झालं. ते वाक्य गार्गीने पदराला गाठ मारावी तसं जपून ठेवलं.

मुलुंड पश्चिमेला, बाजाराच्या मागच्या गल्लीत काकांचं गणवेशांचं दुकान होतं आणि त्याला लागूनच शिलाईचा गाळा. भांडुप-मुलुंडपासून पार चेंबूरपर्यंतच्या शाळांचे गणवेश तिथून जात. गार्गी कागदावर अकाउंट्स असिस्टंट होती. पण कुठल्या शाळेच्या कॉलरला दुहेरी पट्टी, कुठल्या मुख्याध्यापिकेला निळा म्हणजे नेमका कुठला निळा लागतो, कापडाचा कोणता व्यापारी गोड बोलून उशीर करतो आणि कोणता भांडून वेळेवर देतो, हे सगळं तिच्या डोक्यात होतं. बाळंतपणात ती सहा महिने घरी बसली, तेव्हा ते डोकंही तिच्याबरोबर घरी गेलं. मागे काय काय झालं ते सगळं सांगत बसत नाही. एका शाळेला दुसऱ्याच शाळेचे टाय गेले आणि ते परेडच्या दिवशी कळलं, एवढं पुरे.

तेव्हाच काकांनी ठरवलं, आता ईआरपी घ्यायची. म्हणजे कापडाचा तागा गाळ्यात शिरल्यापासून गणवेश पोराच्या अंगावर जाईपर्यंतचा सगळा कारभार एकाच सॉफ्टवेअरमध्ये. आणि ती कुठल्या कंपनीची घ्यायची, हे परत आल्या आल्या गार्गीने ठरवायचं.

घरी कांजूरमार्गला सासूबाई अनयला सांभाळत. दहा महिन्यांचा अनय, खालचे दोन दात आलेला, सरपटत कोपऱ्याकोपऱ्यात पोचणारा. सासूबाईंची काही तक्रार नव्हती. फक्त एकदा त्या सहज म्हणाल्या, "दुपारी झोपून उठला ना, की दाराकडे बघत बसतो." त्या खरंच सहज म्हणाल्या होत्या. पण तेव्हापासून गार्गीच्या मनात ते दार रोज दुपारी उघडायचं आणि आत कोणीच यायचं नाही. समोर जीएसटीचं रिटर्न असो नाहीतर बटणांचा हिशेब, उघडायचंच.

डझनभर कंपन्यांना फोन झाले. त्यातल्या तीन टिकल्या. पहिली अंधेरीची, मोठी, काचेच्या इमारतीतली. तिथल्या लिफ्टमध्येसुद्धा गार्गीला हळू बोलावंसं वाटलं. दुसरी घाटकोपरची, तिचा माणूस प्रत्येक प्रश्नाला "हो जाएगा मॅडम" म्हणायचा. तिसरी मुलुंडमधलीच, एका दाताच्या दवाखान्याच्या वर दोन खोल्यांत. गार्गीने मनातल्या मनात त्यांची नावंही ठेवून टाकली: काचवाले, हो-जाएगावाले आणि दातवाले.

मग तिने तक्ता केला. तीन कंपन्यांचे तीन रकाने आणि खाली ओळी: कापड, कटिंग, शिलाई, साठा, बिलं, शाळांच्या ऑर्डरी, शिकायला सोपं का, अडलं तर फोन उचलतात का. प्रत्येक ओळीला पाचपैकी गुण. बराचसा तक्ता तिने फोनवरच भरला, सकाळी नाचणीचं सत्त्व शिजताना, एका हाताने ढवळत. आणि सगळ्यात शेवटी एक ओळ टाकली: मोबाइलवर दिसतं का. त्या ओळीला मात्र तिने पाचाऐवजी दहा गुण ठेवले. का, ते कोणी विचारलं नाही. तिनेही स्वतःला विचारलं नाही.

मोबाइलवर फक्त काचवाल्यांचं दिसायचं. सगळं दिसायचं. कुठल्या मशीनवर काय चाललंय, कपाटात काय उरलंय, सगळं.

"मग विचार कसला करतेस यार," तिचा नवरा यज्ञेश म्हणाला. तो अनयच्या पायातला मोजा शोधत होता, जो अनयच्या तोंडात होता. "काचवाले घे. तीनला घरी. पोरगा मांडीवर आणि एका बोटाने स्टॉक बघ. झकास."

"तसंच दिसतंय," गार्गी म्हणाली. तक्त्यात काचवाले चांगले पुढे होते. तिला इतका आनंद झाला, की त्या आनंदाचीच जरा भीती वाटली.

काचवाल्यांतर्फे देवव्रत नावाचा मुलगा यायचा. कडक इस्त्रीचा शर्ट, मऊ बोलणं. त्याने आठवडाभर सिस्टीम फुकट वापरून बघायला दिली आणि बरोबर बारकोडच्या स्टिकरांची गुंडाळी. एप्रिल सरत आला होता, शाळांना सुट्ट्या लागत होत्या, जूनची लगबग अजून दारात यायची होती. तेवढ्यात साठा मोजून घ्यावा म्हणून गार्गीने ते काम सुशांतला दिलं. सुशांत माल पाठवण्याचं बघायचा. अंगात भलता उत्साह. त्याने दोन दिवसांत दुकानात जे जे शिवलेलं दिसलं, ते ते प्लास्टिकच्या पिशवीत भरलं, स्टिकर लावलं आणि कपाटात रचलं. संध्याकाळी देवव्रतचा फोन आला, "मॅडम, अभिनंदन. तुमचा साठा तुम्हाला वाटत होता त्याहून जास्त निघाला."

काका खूश. सुशांत तर काय, कॉलर ताठ करूनच फिरत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक बाई काउंटरवर आल्या. "जान्हवीचा ट्युनिक न्यायचाय. मागच्या आठवड्यात दुमड सोडायला दिला होता."

काउंटरच्या कोपऱ्यात शेवंतीमावशी बसायच्या, त्यांच्या पुढ्यात वेताची मोठी टोपली आणि डोक्यावरच्या भिंतीला जुनी पाटी: 'दुमड सोडून मिळेल'. काकांच्या आईने दुकान चालवलं तेव्हापासूनची ती रीत. इथून जाणाऱ्या प्रत्येक ट्युनिकला, प्रत्येक पँटला खाली चांगली चार बोटं कापड दुमडून ठेवलेलं असायचं. पोर वर्षभरात वाढलं, की आईने गणवेश परत आणायचा. मावशी दुमड उसवून, हातशिलाई घालून, कडक इस्त्री करून परत द्यायच्या. त्याचं काही घ्यायचं नाही. काकांची आई म्हणायची, पोर वाढलं त्याचे पैसे आपण कसे घ्यायचे.

मावशींनी टोपलीत हात घातला. टोपली रिकामी.

"अगो, माझे फ्रॉक खंय गेले?" मावशी सगळ्याच मापांना आणि प्रकारांना फ्रॉक म्हणायच्या. "काल हंयच होते. धुवलेले, इस्त्री केलेले."

गार्गीने वर बघितलं. सुशांतनेही बघितलं. मग दोघांनी एकदम कपाटाकडे बघितलं.

"सुशांत," गार्गी अगदी हळू आवाजात म्हणाली, "टोपलीतले तू काय केलेस?"

"स्टिकर लावले," सुशांत म्हणाला. "अगं, छान इस्त्री केलेले होते. मला वाटलं, कालची शिलाई."

"चिठ्ठ्या होत्या रे त्यांना. टाचणीने नावं लावलेली."

"त्या टाचण्या पिशवी फाडत होत्या म्हणून..." सुशांत कपाट उघडायला धावला.

जान्हवीच्या आईने पर्स काउंटरवर ठेवली. "म्हणजे माझ्या मुलीचा वापरलेला ट्युनिक तुम्ही नवा म्हणून विकायला ठेवलाय?"

"अजून विकला नाही ताई," काका आतून म्हणाले, आणि ते ऐकून त्या बाईंना हसू आवरेना. त्या हसल्या म्हणून बरं.

मग सगळे कपाटापाशी बसले. पिशवी उघडायची, ट्युनिक उलटा करायचा आणि खालची कड बघायची. जिथे दुमड होती तिथलं कापड ऊन-पाण्यापासून लपून राहिलेलं, म्हणून गडद. त्याच्या वर वर्षभर धुतलेलं, किंचित उडालेलं. मध्ये एक रेघ. एका ट्युनिकच्या खिशात अजून खोडरबरचा तुकडा होता. जान्हवीचा सापडला तेव्हा तिच्या आईने तो अंगाला लावून बघितला, स्वतःच्या, उगाचच, आणि म्हणाली, "केवढी झाली बघा." बाकीच्यांची नावं जुळवायला पुढचे दोन दिवस गेले, मावशींना शिलाईवरून काही आठवले, काहींसाठी आयांना फोन केले, आणि दोन शेवटपर्यंत वादात राहिले.

सुशांत पुन्हा पुन्हा सॉरी म्हणत होता. पण गार्गीला ठाऊक होतं, चूक त्याची नव्हती. तक्ता करण्याआधी तिने गाळ्यात प्रत्येकाला विचारलं होतं, तुमच्या हातून कशाकशाचं बिल होऊन माल बाहेर जातो? जेवढ्या गोष्टी सांगितल्या गेल्या, तेवढ्या तिने तिन्ही कंपन्यांना लिहून दिल्या. दुमडीचं बिल कधी होतच नव्हतं. म्हणून ते काम कोणालाच काम वाटलं नाही, तिलाही नाही. इतकी वर्षं ती त्या पाटीपासून दोन हातांवर बसत होती.

तिने तक्त्यात एक ओळ वाढवली: दुमड. आणि तिन्ही कंपन्यांना पुन्हा बोलावलं.

या वेळी तिने कोणालाच पडद्यावर चित्रं दाखवू दिली नाहीत. टेबलावर एक जुना ट्युनिक ठेवला आणि म्हणाली, "हा आमचाच आहे, पण आता आमचा नाही. मुलीचा आहे. आठवडाभर आमच्याकडे राहील, लांब होईल आणि जाईल. पैसे नाहीत. हे तुमच्या सिस्टीममध्ये करून दाखवा."

देवव्रतने मन लावून प्रयत्न केला. "आपण याला परत आलेला माल म्हणू. मग माप वाढलं, म्हणजे तो नवीन आयटम. मग तो पुन्हा विकायचा."

"पण ट्युनिक तोच आहे."

"सिस्टीमसाठी नाही. आणि शून्य रुपयाचं बिल ती घेत नाही, मॅडम. तुम्ही थोडा चार्ज का लावत नाही? जगात सगळीकडे तसंच करतात."

गार्गीने ट्युनिक त्याच्यापुढे सरकवला. देवव्रतने ट्युनिकची कड बोटांनी चाचपली. मग सिस्टीमची बाजू सोडून म्हणाला, "माझी आईपण माझ्या पँटी अशाच करायची. पण खरं सांगतो, हे आमच्यात बसत नाही. बसवलं तर दर एप्रिलला तुमचा हिशेब चुकेल."

त्याने खरं सांगितलं म्हणून ती त्याच्यावर रागावूही शकली नाही.

हो-जाएगावाले म्हणाले, "हो जाएगा मॅडम."

"कसं?"

"आप टेन्शन मत लो."

"करून दाखवा ना."

"ऑर्डर के बाद."

गार्गीने त्यांना चहा पाजला आणि शून्य दिलं.

दातवाल्यांचे कुंडलिक स्वतःच आले. पन्नाशीचे, खांद्याला लॅपटॉपची जुनाट बॅग. त्यांनी ट्युनिक उलटा केला, रेघ बघितली, पाटीकडे बघितलं.

"आमच्याकडे हे नाही," ते म्हणाले.

गार्गीचा चेहरा पडला असावा, कारण त्यांनी लगेच हात वर केला. "थांबा. मिक्सर दुरुस्तीच्या दुकानासाठी एक केलंय आम्ही. तिथेही वस्तू गिऱ्हाइकाची असते. आली, काम झालं, गेली. आपल्या साठ्यात ती धरायचीच नाही. नाव, फोन, कधी देणार. पैशांची जागा मोकळी सोडली तरी चालते, कारण ते गृहस्थ अर्ध्या गल्लीला फुकटच करून देतात. तसं चालेल का बघू?"

त्यांनी तिथेच करून दाखवलं. मिक्सरच्या जागी ट्युनिक लिहिलं. 'बिघाड' लिहायच्या जागी काय लिहावं म्हणून थांबले, तर शेवंतीमावशी मागून म्हणाल्या, "लिवा, चेडू वाढलां." मुलगी वाढली, हाच बिघाड. कुंडलिकांनी तसंच लिहिलं. सिस्टीमने ते घेतलं.

गार्गीने पुढचा प्रश्न विचारलाच. "हे मोबाइलवर दिसतं?"

"नाही. दुकानातल्या कॉम्प्युटरवरच. मोबाइलचं काम चालू आहे, पण तारीख नाही देणार. दिली तर खोटी ठरेल."

मनातलं ते दार पुन्हा उघडलं आणि आत कोणी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अनयला अंघोळीनंतर झबलं घालताना गळ्याची गाठ बसेना. मागच्या महिन्यात तेच झबलं ढगळ होतं. सासूबाई म्हणाल्या, "लहान झालं गं ह्याला." गार्गीने ते काढलं, घडी घातली आणि किती तरी वेळ हातात धरून ठेवलं. मग फोन उघडून तक्त्यातल्या शेवटच्या ओळीचे दहा गुण खोडले आणि बाकीच्यांसारखे पाच केले. दातवाले पुढे गेले. आधी नुसती बोटभर, मग दुमडीच्या ओळीने चांगलेच.

"ती ओळ वाढवली नसतीस तर कोणाला कळणार होतं?" यज्ञेशने विचारलं.

"जान्हवीच्या आईला," गार्गी म्हणाली. "पुढच्या एप्रिलला."

यज्ञेशने तिच्या खांद्यावरून पुसायचं फडकं काढलं, जे ती तसंच घेऊन ऑफिसला निघाली होती.

शिफारस लिहायला तिला आठवडा लागला. नुसते गुण देऊन चालणार नव्हतं. कुंडलिकांना काम समजायला हवं होतं. म्हणून तिने दुकान कसं चालतं ते सगळं लिहून काढलं. कुठल्या शाळेचा निळा कोणता. कुठल्या व्यापाऱ्याला कधी फोन करायचा आणि किती गोड बोलायचं. कोण कशाची शिलाई चांगली करतं. टाय कसे ओळखायचे. लिहिताना तिला वाटत होतं, आपण आपल्याच पायात बेडी घालतोय. जेवढं नीट लिहू, तेवढं इथेच बसावं लागणार. तरी तिने नीटच लिहिलं. तिला वाईट लिहिता येत नव्हतं, त्याला कोण काय करणार.

कागद काकांना देऊन तीन दिवस झाल्यावर त्यांनी तिला आत बोलावलं.

"म्हणजे दातवाले," काका म्हणाले.

"हो."

"मोबाइलवर नाही दिसणार."

"नाही, काका." तिने श्वास घेतला. काही गोष्टी दुसऱ्याने म्हणण्याआधी आपणच म्हणून टाकलेल्या बऱ्या. "त्यामुळे ते तीन वाजताचं मी विचारलं होतं ना, ते आता राहू दे. सासूबाई बघतात. चालेल तसंच."

"का राहू दे?"

"तुम्हीच म्हणाला होतात, सिस्टीम आली की बघू. आणि ही काही घरून दिसणार नाही."

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "अगं, मी ते मोबाइलचं कुठे बोललो? मला स्वतःचा मोबाइल धड बघता येत नाही." "तू रजेवर गेलीस तेव्हा आमची काय वाट लागली ते तुला माहितेय. तू तीन वाजताचं विचारलंस आणि मी घाबरलोच. म्हटलं, आज तीनला जाईल, उद्या येणारच नाही. आणि इथे परत टाय शोधत बसायचं. म्हणून म्हटलं, सिस्टीम आली की बघू. तेवढीच चार महिन्यांची सवड."



काकांनी तिचे कागद उचलले. कडा मुडपल्या होत्या, एकावर चहाचा गोल डाग होता. "हे परवा सुशांतला दिलं वाचायला. काल चेंबूरच्या शाळेची ऑर्डर त्याने लावली. सगळी. निळ्यासकट. तुला विचारायला आला?"

नव्हता आला. गार्गीच्या लक्षातच आलं नव्हतं. पहिल्यांदा तिला बारीकशी कळ आली, आपल्यावाचून अडलं नाही याची. आणि मग तिच्यामागोमाग, हळूहळू, खांद्यावरून भरलेली पिशवी कोणीतरी काढून घ्यावी तसं झालं. एवढे महिने ती पिशवी खांद्यावर होती हेही तिला आत्ताच कळत होतं.

"मला सिस्टीम हवी होती ती याच्यासाठी," काका म्हणाले. "यातलं निम्मं तर तू आधीच करून ठेवलंस. बाकी कुंडलिक करेल. आणि तीनला घरी जायला सॉफ्टवेअर कशाला लागतं? दार आहे की."

"खरंच, काका?"

"जून सोडून हं. जूनमध्ये मीसुद्धा घरी जात नाही."

"जून सोडून," गार्गी म्हणाली.

ती बाहेर आली तेव्हा काउंटरवर दुपारची सुस्ती होती. सुशांत टोपलीतल्या प्रत्येक ट्युनिकला आता सेफ्टीपिनने चिठ्ठी लावत होता आणि वर स्वतःच्या अक्षरात लिहीत होता: 'विकू नये'. शेवंतीमावशींनी दाताने दोरा तोडला आणि घड्याळाकडे मान वळवली. भिंतीला कान असतील नसतील, मावशींना होते.

"गो, तीन वाजान गेले. अजून हंयच? जा मगे."

एलबीएस रोडवर बस लगेच मिळाली. भर दुपारी त्या रस्त्यावर इतकी माणसं कुठे निघालेली असतात, हे तिला कधी दिसलंच नव्हतं. एका सिग्नलला शेजारच्या रिक्षात एक बाळ बापाच्या शर्टाचं बटण चोखत होतं. गार्गीने त्याला हात केला. त्याने बघून न बघितल्यासारखं केलं.

घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. ते तिने आवाज न करता उघडलं. अनय नुकताच उठला होता. चटईवर बसलेला, एका गालावर उशीची घडी उमटलेली. तो खरंच दाराकडे बघत होता.

मग तिच्या लक्षात आलं, की तो तिच्याकडे बघत नाहीये. जरा वर बघतोय. दाराच्या चौकटीला दिवाळीपासून लोकरीचं तोरण होतं, त्याला लोकरीचेच हिरवे पोपट, आणि पंख्याच्या वाऱ्याने ते पोपट डुलत होते. एक पोपट डावीकडे गेला की अनयची मान डावीकडे.

"बघ," सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, त्यांनी तिला अजून पाहिलंही नव्हतं, त्या अनयशीच बोलत होत्या. "उठला की सुरू झाले तुझे पोपट."

गार्गी उंबरठ्यावर चपलांसकट उभी राहून हसली. आवाज ऐकून अनयने मान खाली आणली. तिला नीट बघितलं, दुपारच्या उजेडात ही बाई इथे कशी, असं. मग दोन्ही हात वर केले.